बरी झालेली बाई

रत्नागिरी,
शनिवार, ता. १२ डिसेंबर १९३६

प्रिय वासंती,

माझं अक्षर पाहून तू म्हणशील, गोदूला बरी वर्षाने आठवण झाली. म्हण खुशाल. तुझं पत्र मागच्या माघात आलं. तुझ्या हेमासाठी स्थळं पाहायला लागल्याचं त्यात होतं आणि शेवटी थट्टा होती, की गोदे, तू आता मॅनेजर झालीस म्हणे, तर तिथे दिवसभर नक्की करतेस काय ते एकदा कळव. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण माझं मलाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आहे आणि तेच लिहायला बसले आहे. पत्र लांबेल. हातातलं काम बाजूला ठेव आणि शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून उशाखाली ठेवू नकोस. अवघड पान आलं की पुस्तक मिटायचं, ही तुझी शाळेपासूनची खोड आहे.

आमचा आश्रम तू पाहिलेला नाहीस. आरे-वारेकडे जाणाऱ्या वाटेवर वस्ती संपली की सडा लागतो, त्या उघड्या कातळावर जांभ्याच्या चार लांब खोल्या आणि एक विहीर. मुंबईच्या कुणा शेटजींनी आपल्या आईच्या नावाने बांधला, डोकं फिरलेल्या बायकांसाठी. ज्यांना घरात ठेववत नाही आणि सरकारी इस्पितळात घातलं तर गावभर बोभाटा होईल, अशा घरांतल्या बायका इथे येतात. मी आले तेव्हा चोवीस होत्या. शेटजींनी नेमलेले पंच मुंबईत, डॉक्टर दर गुरुवारी येणार, स्वयंपाकाला सगुणा, वरकामाला म्हातारा केरू, आणि या सगळ्यांवर मी. पुण्याला शिकून आलेली, पांढऱ्या पातळातली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली व्यवस्थापिका. तेराव्या वर्षी माझं कुंकू पुसलं तेव्हा राजापुरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, की ही आता जन्मभर भावाच्या घरी भांडी घासणार. त्यामुळे तो जुडगा वाजला की मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझ्याआधी भास्करपंत नावाचे गृहस्थ वीस वर्षं मॅनेजर होते. किल्ल्या घेताना मी त्यांना विचारलं, माझी कामं कोणती, जबाबदाऱ्या कोणत्या, जरा लिहून देता का. ते हसले. म्हणाले, बाई, लिहिण्यासारखं काही नाही. आतल्यांना जेवण आणि बाहेरच्यांना झोप, एवढं सांभाळा म्हणजे झालं. मला वाटलं, म्हातारा आळशी आहे. मग मी त्यांची वही उघडली. दर वर्षाअखेर प्रत्येक बाईच्या नावापुढे एक शेरा मारून पंचांकडे पाठवायचा असतो. भास्करपंतांनी वीस वर्षं सगळ्यांपुढे एकच शेरा मारला होता, 'सुधारणा नाही.' जी भिंतीवर डोकं आपटते तिच्यापुढे तोच, आणि जी कोठीची किल्ली सांभाळते, सगुणेला डाळतांदूळ मापून देते, तिच्यापुढेही तोच. माझं डोकंच तापलं. हा माणूस डोळे मिटून लिहीत होता की काय, असं मी सगुणेपाशी बोललेसुद्धा. सगुणा खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे नऊ महिने चालले. उठायची घंटा, नाहायची घंटा, सूत कातायची घंटा. नियमांची पाटी रंगवून दारात लावली, ती वाचता येणाऱ्या बायका इनमीन सहा. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना रांगेत उभं करून मी शिस्तीवर व्याख्यान दिलं. तेव्हा मागून एक आवाज आला, की बाई, आम्ही वेड्या आहोत, शाळेतल्या नव्हे. मला हसू आवरेना. बोलणारी ती कोठीची किल्ली सांभाळणारीच होती. तिचं नाव राही. हे पत्र तिच्याबद्दल आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. तिला तिच्या घरी पोचवायचं आहे, आणि ते होईल असं मला वाटत नाही.

राही इथे १९१९ साली आली, विशीतली. पहिलंच बाळंतपण, मूल दोन दिवसांत गेलं आणि बाळंतवातात हिचं भान सुटलं. पाळण्यात उशी घालून हलवायची आणि कुणी पाळण्याला हात लावला की चावायची. घरच्यांनी देवऋषी केला, अंगारे झाले, मिरच्यांची धुरी झाली. मग एक दिवस दीर म्हणाला, वहिनी, नवस फेडायला जाऊ या. होडीने दाभोळ आणि पुढे आगबोटीने रत्नागिरी, असा तो तिला घेऊन आला, फाटकात सही केली आणि गेला. दोन वर्षं तिची फार वाईट गेली. नंतर जी सावरली ती आजतागायत. पंधरा वर्षं ती नव्या येणाऱ्या बायकांची वेणीफणी करते, त्यांना भरवते, त्यांचा मार खाते. तिने खवलेल्या खोबऱ्यात काळा कण सापडायचा नाही. दुपारी सगळ्यांना पोथी वाचून दाखवते आणि मध्येच थांबून देवांचीसुद्धा थट्टा करते. दोन महिन्यांत तिच्यावाचून माझं पान हलेना. अशा बाईपुढे सतरा वेळा 'सुधारणा नाही.'

मग मी ठरवलं, माझं काम हेच. बऱ्या झालेल्या बाईला तिच्या माणसांत नेऊन सोडायचं, त्यासाठीच तर आश्रम. डॉक्टरांच्या मागे लागून प्रत्येकीला तपासून घेतलं. चोवीसांतल्या अकरा जणी पूर्ण बऱ्या निघाल्या. त्यांची नावं लिहिली, खाली डॉक्टरांची सही घेतली आणि चांगल्या शुद्ध मराठीत पंचांना अहवाल पाठवला. पंच वजनदार माणसं, ते त्या त्या घराला दोन शब्द सुनावतील, लोक धावत येऊन आपापल्या बायका घेऊन जातील, असं मी धरून चालले होते. भाद्रपदात उत्तर आलं. माझ्या दक्षतेची तारीफ होती, आणि खाली ठराव होता. आश्रम आजारी बायकांसाठी आहे, बऱ्या झालेल्यांना ठेवणं देणगीदाराच्या इच्छेविरुद्ध आहे, तरी या अकरा जणींना दिवाळीपर्यंत रजा द्यावी, त्यांची घरं त्यांना घेवोत वा न घेवोत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तो कागद तीनदा वाचला, कारण मला वाटत होतं की कुठेतरी 'न' राहून गेला असेल.

ठराव घेऊन मी झाडगावात भास्करपंतांकडे गेले. ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, बाई, मी इतक्या वेळा लिहून ठेवलं होतं, मला वाटलं तुम्हाला वाचता येतं. मला तिथेच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वीस वर्षं त्या माणसाने खोटं लिहिलं आणि त्या खोट्याने या बायकांच्या डोक्यावर छप्पर ठेवलं. मी खरं लिहून ते काढून घेतलं. आल्यावर पंचांना घाईघाईने कळवलं, की माझी चूक झाली, या बायका अजून बऱ्या नाहीत. त्यांनी उत्तर म्हणून डॉक्टरांच्या सहीची नक्कल तेवढी पाठवली.

मग अकरा घरांना पत्रं घातली. चार पत्रं घर न सापडता परत आली, कारण आणून सोडणाऱ्यांनी गावंच खोटी सांगितली होती. केरू म्हणाला, बाय, येवाचं आसतं तर आदीच आलं आसतं न्हवं? मी त्याला गप्प बसवलं. एकीला तिचा म्हातारा बाप येऊन घेऊन गेला, तेवढंच सुख. दोघींना राजापुरात स्वयंपाकाचं काम लावून दिलं. सहा जणी दिवाळीला आपापली गाठोडी घेऊन फाटकाबाहेर पडल्या, त्यांचं पुढे काय झालं ते मला सांगता येत नाही. आणि जनी नावाच्या एकीला मी स्वतः पोचवायला गेले. राजापूरच्या वर पाच कोसांवर तिचा गाव. भाऊ महिपत, कष्टाळू माणूस, बहिणीला पाहून ढसाढसा रडला. मला वाटलं, गड जिंकला. पण तिचं आंथरूण गोठ्याशेजारी पडलं. कोयता नि विळी माळ्यावर गेली. ती हसली की घरातल्या बायका एकमेकींकडे बघत, ती रडली की महिपत दाराला बाहेरून कडी घाली. हे सगळं मला मागाहून तिच्याकडून कळलं. वेड्या बाईला वेडेपणा करायची मोकळीक तरी असते गो, बऱ्या झालेल्या बाईला शिंकायचीसुद्धा चोरी.

महिन्याने जनी चालत परत आली, पाय फुटलेले. तोवर दिवाळी होऊन गेली होती. फाटकात उभी राहून मी तिला सांगितलं, की तुला आत घेता येत नाही. केरूकरवी सांगितलं नाही, माझ्या तोंडाने सांगितलं. आता ती इथल्या मासळीबाजारामागे पडून असते. सगुणा तिला भात नेऊन देते. परवा मी गेले तर तिने मला ओळखलं नाही, माझ्या पदराला धरून मला 'आये, आये' म्हणायला लागली. तिला पुन्हा दाखल करून घ्या म्हणून पंचांना लिहिलं आहे. ते म्हणतात, घरच्यांची सही आणा. महिपत सही करायला तयार नाही, कारण मग त्याच्या मुलींची लग्नं कशी व्हायची.

राहीचं पत्र त्या परत आलेल्या चारांत होतं. तिच्या नावापुढे गाव राजापूर लिहिलेलं, आणि राजापूरचं कुठलं घर तुला-मला ठाऊक नाही? मी आल्याआल्याच मोठ्या कौतुकाने विचारलं होतं, अगो, कुणाकडली तू? ती म्हणाली होती, राजापूर मी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. खरं गाव मात्र सांगेना. घरच्यांनी मुद्दाम दुसरं गाव सांगितलं असेल तर त्यांची तशी इच्छा असेल, आपण कशाला उघडं पाडा, असं तिचं म्हणणं. दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा मी तिच्यापुढे हात जोडले. तेव्हा कुठे ती बोलायला लागली. नदीकाठचं घर, परसात फणस, फणसाखाली विहीर, आणि विहिरीशी सासूबाई, इतक्या सोवळ्याच्या की चुलीत घालायचं सरपणसुद्धा धुऊन घ्यायच्या आणि मग चूल पेटत नाही म्हणून सुनेला बोल लावायच्या. मी म्हटलं, पुरे. मालकांचं नाव विचारलं, तर तिने ते घेतलं नाही. समोर सुपात तांदूळ होते, त्यात बोटाने लिहिलं आणि लगेच हात फिरवून पुसलं. मला वाचायची गरज नव्हती, तरी मी वाचलं. गोपाळकृष्ण.

वासंती, सरपण धुणाऱ्या सासूची गोष्ट मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकली. तू पहिल्या माहेरपणाला आली होतीस आणि आपण अर्जुना नदीच्या घाटावर पोट धरधरून हसलो होतो. त्याआधी लग्न ठरलं तेव्हा मात्र तू रडली होतीस. अठरा उलटून गेलेली, लोक घोडनवरी म्हणायचे, म्हणून वडिलांनी बिजवराला दिली. खेडचे वकील, घर चांगलं, पहिली बाळंतपणात वारली, असं सगळ्यांना सांगितलं होतं. मग तूच डोळे पुसून म्हणालीस, गोदे, मेलेल्या सवतीशी भांडण तरी करायला नको. तुझ्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक बांधला. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं आणि मग नेसायचं, अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, हे तू सोळा वर्षं मनापासून केलंस. हेमाला विषमज्वर झाला तेव्हा तू तिलाच नवस बोलली होतीस, तूच लिहिलं होतंस मला. आणि त्या सगळ्या नवम्यांना ती इथे सड्यावर दुसऱ्या कुणाला तरी भरवत बसलेली होती. तुझी यात काडीचीही चूक नाही. तुला फसवलं तसंच तिलाही.

मी आधी तुला लिहिलं नाही. रीतसर, व्यवस्थापिका म्हणून, तुझ्या यजमानांना कोर्टाच्या पत्त्यावर लिहिलं. दोनदा लिहिल्यावर तीन ओळी आल्या. या नावाची आमच्या कुटुंबातली व्यक्ती १९१९ साली मयत झालेली आहे, पुन्हा लिहू नये, लिहिल्यास इलाज करणं भाग पडेल. अक्षर फार सुरेख आहे. मला इतका संताप आला की तो कागद मी चुलीत घालायला निघाले होते. मग हेमा डोळ्यांसमोर आली. हे बाहेर फुटलं तर तिचं कुठे जमत आलं असलं तरी मोडेल. तुझ्या सासूबाई सुटल्या बिचाऱ्या, पण तुला त्याच घरात, त्याच माणसाबरोबर राहायचं आहे. हे सगळं मला कळतं गो. म्हणून महिनाभर गप्प राहिले आणि राहीला माझ्या खोलीत लपवून ठेवलं. परवा पंचांचा माणूस येऊन पाहून गेला. या महिनाअखेर मलाही रजा मिळाली आहे. मी जाणार भावाकडे राजापूरला. तिथे मीच उपरी, बरोबर आणखी एक नेली तर भावजय दोघींना उंबऱ्यावरूनच परतवील.

राहीला मी सांगितलं, की तुझ्या घरात दुसरी आहे आणि ती माझी मैत्रीण आहे. तिने विचारलं, मुलं किती? म्हटलं, एक मुलगी. तर म्हणाली, जगली ना? मी हो म्हटल्यावर ती उठून कोठीत गेली, पुष्कळ वेळाने आली. म्हणाली, मी मागच्या पडवीत राहीन, धुणीभांडी करीन, मी कोण ते कुणाला सांगायचं नाही. पण मला रस्त्यावर नको, जनीसारखं होईल. त्या घराने तिला मेलेली ठरवली आहे, टाक करून पुजली आहे, एवढं मात्र मी तिला सांगितलेलं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर तू दार लावून घेतलं असतंस, आणि तुझ्या जागी मीही लावलं असतं. हे पत्र टपालाने आलेलं नाही. मंगळवारी दुपारी यजमान कोर्टात असतील असा हिशेब करून मी ते मोटारीने पाठवलं, आणि ज्या बाईने ते तुझ्या हातात दिलं ती राही. केरू संध्याकाळच्या मोटारीपर्यंत जगबुडी नदीच्या घाटावर बसून राहील. तू नाही म्हणालीस तर तो तिला परत आणील, आणि इथे तिला जागा नाही हे मी वर लिहिलंच आहे. तिला ठेवून घेणं तुझ्या एकटीच्या हातात नाही, हे जाणूनच मी तिला पाठवली, कारण पाठवायला दुसरं दार उरलं नाही. मॅनेजर म्हणून मला आता काहीच करता येत नाही, आणि मैत्रीण म्हणून जे केलं ते तू मला जन्मात माफ करणार नाहीस. करू नकोस. फक्त एवढं कर. नाही म्हणायचं असेल तर तू स्वतः बाहेर ये आणि तिच्याकडे बघून म्हण, गड्याकरवी सांगू नकोस.

तुझीच,
गोदू